पदक कुणाचं, घडण कुणाची : सिंगापूरच्या महिला टेबल टेनिस संघाचं प्रकरण

१२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रिओच्या तलावात जोसेफ स्कूलिंगने १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत पूर्ण केली. मायकेल फेल्प्स, चॅड ल क्लॉ आणि लास्लो चेह हे तिघेही ५१.१४ सेकंदांवर, बरोबरीने दुसरे. सिंगापूरला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं हे पहिलंवहिलं सुवर्ण. ते मिळवणारा मुलगा तिथेच जन्मलेला, तिसऱ्या पिढीचा सिंगापूरकर.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, सिंगापूरच्या टेबल टेनिस संघटनेने फेंग तियानवेईला राष्ट्रीय संघातून वगळलं. देशाला तोवर ऑलिंपिकमध्ये एकूण पाच पदकं मिळाली होती आणि त्यांतल्या तिनांत तिचा वाटा होता. संघाला नव्याने उभं करण्याच्या योजनेत ती बसत नाही, असं कारण दिलं गेलं. फेंग चीनच्या हार्बिन शहरात जन्मलेली. सिंगापूरचं नागरिकत्व तिला २००८ च्या जानेवारीत मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने देशाला ४८ वर्षांनंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून द्यायला हातभार लावला.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की गोष्ट सरळ वाटते. परक्यांवर खर्च केला, अखेर घरचाच पोरगा कामी आला. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर निष्ठावंत आणि आयात उमेदवार यांच्यात जे चालतं तेच इथेही, असं कुणालाही वाटेल. मलाही ही मांडणी मोहात पाडते, पण तपशिलात शिरलं की ती टिकत नाही.

योजना आणि तिचं गणित

सिंगापूरचं १९६० चं पदक म्हणजे रोममध्ये तान होवे लियांगने वेटलिफ्टिंगमध्ये मिळवलेलं रौप्य. तो लहानाचा मोठा सिंगापुरात झाला, पण जन्म चीनमधल्या स्वाताऊचा. स्थलांतरितांनीच वसवलेल्या या बेटावर 'मूळचा कोण' हा प्रश्न १९६० मध्ये कुणी फारसा विचारला नाही. तो पुढे विचारला जाऊ लागला, आणि त्याला कारण ठरली १९९३ ची परदेशी क्रीडा गुणवत्ता योजना. बाहेरचे तयार खेळाडू आणायचे, त्यांना प्रशिक्षण आणि निवासाचा दर्जा द्यायचा, पुढे नागरिकत्व द्यायचं, अशी ती योजना. उद्योगधंद्यांसाठी सिंगापूर परदेशी मनुष्यबळ आणतच होतं. तेच धोरण मैदानावर आलं, इतकंच.

टेबल टेनिस या योजनेला सगळ्यात सोयीचं. चीनमध्ये या खेळात इतकी गर्दी की तिथल्या राष्ट्रीय संघाच्या दारातून परत फिरलेली मुलगी दुसऱ्या कुठल्याही देशात पहिल्या क्रमांकाची ठरावी. सिंगापूरची तीन चतुर्थांश लोकसंख्या चिनी वंशाची, त्यामुळे भाषा आणि जेवण यांची फार अडचण नाही. मैदान नको, हिमशिखर नको, एक सभागृह आणि काही टेबलं पुरतात.

सुरुवातीच्या खेळाडूंपैकी जिंग जुनहोंग सिडनीत २००० साली एकेरीत चौथी आली. कांस्यपदकाच्या लढतीत तिला हरवलं चायनीज तैपेईच्या चेन जिंगने. ही चेन जिंग म्हणजे १९८८ ची चीनची ऑलिंपिक विजेती! पुढे अथेन्समध्ये २००४ साली ली जियावेईही चौथीच. बीजिंगमध्ये पुरुष एकेरीत सिंगापूरचा गाओ निंग हरला तो क्रोएशियाच्या तान रुईवूकडून, आणि दोघेही चीनमध्ये जन्मलेले. लोक सिंगापूरला नावं ठेवत होते तेव्हा निम्मं जग हाच धंदा करत होतं. जागतिक टेबल टेनिस महासंघाला अखेर २००८ मध्ये नियम करावा लागला : एकविसाव्या वर्षानंतर नागरिकत्व बदललं तर नव्या देशाकडून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा खेळता येणार नाही, त्याहून लहान वयात बदललं तर वयानुसार तीन, पाच किंवा सात वर्षं थांबायचं. या नियमाने तयार खेळाडू उचलून आणणं अवघड झालं, म्हणून देश आणखी कोवळ्या वयाची मुलं शोधू लागले. नियम करणाऱ्यांना हे अपेक्षित होतं का, कोण जाणे.

२००६ च्या अखेरीस सिंगापूरने बीजिंग आणि लंडन ही दोन ऑलिंपिकं नजरेसमोर ठेवून ७० लाख सिंगापूर डॉलरचा वेगळा प्रकल्प आखला. त्याचं फळ वेळेवर मिळालं. बीजिंगच्या उपांत्य सामन्यात ली जियावेई, फेंग तियानवेई आणि वांग युएगू यांनी दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं. अंतिम सामन्यात चीनने त्यांना ३-० ने धुतलं, पण रौप्य हाती आलं. मग ३० मे २०१० रोजी मॉस्कोत जागतिक सांघिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सिंगापूरच्या महिला संघाने चीनला ३-१ ने हरवलं. १९९३ पासून सलग आठ वेळा ते विजेतेपद चीनकडे होतं. चाळीस-पन्नास लाख वस्तीच्या शहराने चीनला त्याच्याच खेळात हरवणं ही त्या खेळाच्या इतिहासातली मोठी उलथापालथ होती. लंडनमध्ये २०१२ साली फेंगला एकेरीचं कांस्य मिळालं, संघालाही कांस्य.

पदकांच्या हिशेबात योजना शंभर टक्के यशस्वी.

तरीही लोक नाराज का?

सिंगापूरमध्ये त्या काळात परदेशातून येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. घरांच्या किमती, लोकलमधली गर्दी, नोकऱ्या, सगळ्याचा राग साचत होता. सरकारी धोरणावरचा तो राग टेबल टेनिसपटूंवर निघाला, कारण त्या टीव्हीवर दिसत होत्या. आपल्या मुंबईत बाहेरून आलेल्यांबद्दल जे बोललं जातं ते ऐकलेल्याला यात नवल वाटणार नाही. बीजिंगमध्ये सिंगापूरचा ध्वज ली जियावेईच्या हाती होता. २०१२ नंतर ती निवृत्त होऊन कुटुंबासह बीजिंगला परतली, तेव्हा 'आम्ही म्हणत नव्हतो का?' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

फुटबॉलमध्ये हाच प्रयोग जरा वेगळा झाला. २००४, २००७ आणि २०१२ ची आग्नेय आशियाई विजेतेपदं सिंगापूरने घरच्या आणि बाहेरच्या खेळाडूंच्या मिश्र संघाने जिंकली. क्रोएशियाहून आलेला मिर्को ग्राबोवात्स नागरिकत्व सोडून परत गेला. त्याउलट अलेक्सांदर ज्युरिच. हा गृहस्थ १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बोस्नियाकडून चक्क कनूइंग, म्हणजे होडी वल्हवण्याचा खेळ, खेळलेला! सिंगापूरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं गोल करून त्याने २००७ मध्ये स्वतः अर्ज करून नागरिकत्व मिळवलं, तेव्हा त्याचं वय सदतीस होतं. तो तिथेच राहिला आणि लोकांनी त्याला आपला मानला. म्हणजे राग परक्या जन्माचा नव्हताच. येणारा राहायला आला की कंत्राट पुरं करायला, हे लोक बरोबर ओळखतात.

यू मेंगयूच्या बाबतीतही तेच झालं. चीनच्या लिआओनिंग प्रांतातून ती किशोरवयात सिंगापूरला आली. टोकियोत दुखापतीने त्रस्त शरीर घेऊन तिने जपानच्या इशिकावाला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि शेवटी चौथी आली. पदक न मिळवलेल्या या मुलीला सिंगापूरकरांनी जे प्रेम दिलं ते २००८ च्या रौप्यविजेत्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

इसाबेल लीचे तीन महिने, आणि पुढची सहा वर्षं

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अडकवतं ते एक नाव, जे पदकतक्त्यात जवळपास दिसतच नाही.

२०१० च्या मे महिन्यात मॉस्कोत सिंगापूरने चीनला हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं युवा ऑलिंपिक सिंगापूरमध्येच भरलं. त्यात टेबल टेनिसच्या मुलींच्या एकेरीत सिंगापूरमध्ये जन्मलेली सोळा वर्षांची इसाबेल ली अंतिम फेरीत पोहोचली. चीनच्या गू युटिंगकडून हरली, रौप्य मिळालं. देशाला जे हवं होतं ते सगळं एका मुलीत होतं : घरची, तरुण, घरच्या प्रेक्षकांपुढे चिनी खेळाडूशी अंतिम सामना खेळणारी.

लंडनच्या संघात खेळल्या फेंग, ली जियावेई आणि वांग युएगू. रिओच्या संघात फेंग, यू मेंगयू आणि झोऊ यिहान. इसाबेल ली ऑलिंपिकमध्ये कधीच खेळली नाही.

इथे दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद तयार असतो. योजनेचे विरोधक म्हणतात, बघा, बाहेरच्यांनी जागा अडवल्या. समर्थक म्हणतात, जागा गुणवत्तेवर मिळते, ती फेंगला हरवू शकत नव्हती. दुसरं म्हणणं खरं आहे, पण ते अपुरं आहे. प्रश्न असा विचारायला हवा : जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दहांतल्या मुलींबरोबर रोज सराव करायची संधी ज्या देशात आहे, तिथली युवा ऑलिंपिक उपविजेती पुढच्या सहा वर्षांत त्यांच्याजवळ का पोहोचली नाही? बाहेरचे खेळाडू आणण्याचं सगळ्यात मोठं समर्थन तर हेच दिलं जातं की त्यांच्यासोबत खेळून घरचे शिकतात.

मला वाटतं, उत्तर टेबलापाशी मिळत नाही, शाळेच्या वेळापत्रकात मिळतं. चीनची मुलगी सहाव्या-सातव्या वर्षापासून क्रीडाशाळेत राहून दिवसभर खेळते. सिंगापूरमध्ये बाराव्या वर्षी प्राथमिक शिक्षणाच्या अखेरची परीक्षा असते, मुलाचं पुढचं शिक्षण कुठल्या शाळेत होणार ते तिच्यावर ठरतं, आणि तिची धास्ती तिथल्या घरांत आपल्या दहावी-बारावीहून कमी नाही. खेळात घडायची हीच वर्षं. २००४ मध्ये वूडलंड्सला क्रीडाशाळा उघडली, पण तिथे प्रवेश या परीक्षेनंतरचा, म्हणजे चीनची समवयस्क मुलगी पाच-सहा वर्षं पुढे निघून गेल्यावर.

सिंगापूरमध्ये घरचे खेळाडू मागे का, असं विचारलं की सक्तीच्या लष्करी सेवेकडे बोट दाखवलं जातं. अठराव्या वर्षी मुलांना दोन वर्षं गणवेशात काढावी लागतात आणि प्रौढ वयात नागरिकत्व घेणारा पहिल्या पिढीचा खेळाडू सहसा त्यातून सुटतो. अन्याय खराच. पण ही सेवा मुलींना नाही. म्हणजे ज्या संघावर सगळ्यात जास्त वाद झाला त्या महिला संघाच्या बाबतीत ही सबब लागूच पडत नाही. तिथे घरच्या मुली का आल्या नाहीत याचं उत्तर धोरणकर्त्यांना दुसरीकडे शोधावं लागलं असतं. ते शोधायची निकड मात्र नव्हती, कारण पदकं तर येतच होती. माझ्या मते योजनेचं खरं नुकसान हे. बाहेरच्या मुलींनी जागा अडवली असेल-नसेल, त्यांच्या यशाने खालचं रिकामेपण वीस वर्षं दिसू दिलं नाही.

घरचं सुवर्ण घरी घडलं का?

आता स्कूलिंगकडे. तो किशोरवयातच फ्लोरिडातल्या बोल्स शाळेत गेला. तिथून ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात, प्रशिक्षक एडी रीस यांच्या हाताखाली. खर्चाचा मोठा भार आईवडिलांनी उचलला. सरकारने २०१३ मध्ये त्याची लष्करी सेवा लांबणीवर टाकली, आणि हा दिलासा इतका दुर्मीळ की तीच बातमी झाली. दहा लाख सिंगापूर डॉलरचं बक्षीस मिळालं ते जिंकल्यावर. ज्या यंत्रणेने त्याला ऑलिंपिक विजेता बनवलं ती अमेरिकेची. म्हणजे फेंगची घडण चीनची आणि पासपोर्ट सिंगापूरचा. स्कूलिंगचा जन्म सिंगापूरचा, घडण अमेरिकेची. दोघांच्याही पदकात सिंगापूरच्या आपल्या खेळयंत्रणेचा वाटा किती, हा प्रश्न 'परका की घरचा' या वादात कुणाला सुचला नाही.

पॅरिसमध्ये २०२४ साली, नेमकं ९ ऑगस्टला, म्हणजे सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनी, सतरा वर्षांच्या मॅक्स मेडरने काइट सर्फिंगमध्ये कांस्य मिळवलं. जन्म सिंगापूरचा, आई सिंगापूरची, वडील स्विस, आणि वाऱ्यावर स्वार व्हायला शिकला तो इंडोनेशियातल्या वाकाटोबी बेटांवर. पुन्हा तेच.

उलट उदाहरण बॅडमिंटनचं. लोह कीन यू मलेशियातल्या पेनांगचा. शाळकरी वयात शिष्यवृत्तीवर सिंगापूरच्या क्रीडाशाळेत आला, तिथेच वाढला, नागरिक झाला, दोन वर्षांची लष्करी सेवाही केली. डिसेंबर २०२१ मध्ये स्पेनच्या वेल्वा शहरात तो जगज्जेता झाला तो आपल्या किदाम्बी श्रीकांतला २१-१५, २२-२० असं हरवून. शेवटच्या तयारीसाठी तो दुबईत डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर अॅक्सेलसनबरोबर सराव करायला गेला होता हे खरं, पण पाया सिंगापूरचा. परदेशात जन्मलेल्यांपैकी सिंगापूरच्या यंत्रणेत खऱ्या अर्थाने घडलेला तो. परदेशी गुणवत्ता आणायचीच तर अशी, असं मला वाटतं : बाराव्या-तेराव्या वर्षी आणा, इतर मुलांच्या वर्गात बसवा, आणि जे घरच्यांना लागू तेच त्याला लागू.

फेंगनंतर

२०१६ नंतर काय झालं ते पाहिलं तर वगळण्याचा निर्णयही कितपत विचारपूर्वक होता, अशी शंका येते. फेंग सिंगापूरकडून खेळतच राहिली. आणि याच टप्प्यावर या गोष्टीत आपली माणसं येतात.

एप्रिल २०१८, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धा. महिलांच्या सांघिक टेबल टेनिसमध्ये सिंगापूर हाच कायमचा विजेता, दिल्लीत २०१० मध्ये अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवून गेलेला. या वेळी अंतिम सामन्यात मनिका बत्राने फेंगला ३-२ ने हरवलं. मौमा दास आणि ठाण्याच्या मधुरिका पाटकरने दुहेरी जिंकली, मनिकाने दुसरी एकेरीही घेतली, आणि भारत ३-१ ने विजेता. पुण्याची पूजा सहस्रबुद्धे त्याच संघात होती. समोर चीनमध्ये जन्मलेल्या खेळाडू, इकडे सगळ्या घरच्या मुली. साहजिकच आपल्याकडे 'घरच्यांनी आयातांना हरवलं' अशी छाती फुगली. या मुलींना शिकवत होते इटलीचे मासिमो कॉस्तांतिनी. खेळाडू आणायचा नाही पण गुरू आणायचा, हा आपला मार्ग. तो स्वस्त आहे आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही.

चार वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये आपला महिला संघ उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाकडून हरला. त्याआधी भारतीय टेबल टेनिस महासंघावर न्यायालयाने प्रशासक नेमले होते, आणि मुंबईच्या दिया चितळेचा समावेशही तिने न्यायालयात धाव घेतल्यानंतर झाला. त्याच स्पर्धेत, सहा वर्षांपूर्वी 'योजनेत न बसणारी' फेंग तियानवेई एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदकं घेऊन गेली आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. फक्त घरच्या मुली असल्या म्हणजे व्यवस्था चांगली असते, असा अर्थ गोल्ड कोस्टवरून काढणाऱ्यांनी बर्मिंगहॅमही ताळेबंदात धरावं.

सिंगापूरमध्ये मात्र दरम्यान एक गोष्ट घडत होती, जिचा योजनेच्या मूळ कागदांत फारसा विचार नसावा. आलेल्यांपैकी काही जण राहिले आणि शिकवू लागले. सिडनीत चौथी आलेली जिंग जुनहोंग महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. गाओ निंग पुरुष संघाचा प्रशिक्षक झाला. आणि सिंगापूरमध्ये जन्मलेला, तिथल्याच क्रीडाशाळेत शिकलेला आयझॅक क्वेक कनिष्ठ गटातल्या मुलांच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला, २०२३ मध्ये आग्नेय आशियाई स्पर्धेत पुरुष एकेरीचं सुवर्ण जिंकला आणि पॅरिस ऑलिंपिकला गेला. तीस वर्षांच्या योजनेतून मिळालेला सगळ्यात टिकाऊ लाभ कोणता असं विचाराल, तर मी बीजिंगच्या रौप्याआधी जिंग आणि गाओ यांचं तिथे राहणं धरेन. तो लाभ योजनेत लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर ली जियावेईला थांबवण्यासाठी काहीतरी प्रयत्न झाले असते.

भारतात २००८ पासून केवळ भारतीय पासपोर्ट असलेलाच देशाकडून खेळू शकतो. टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश त्यामुळे डेव्हिस कपमधून बाहेर गेला. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. त्याची आई मुंबईची. फुटबॉल संघ हरू लागला की परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना दार उघडा, ही मागणी दर वेळी जोर धरते. दार उघडायला माझी हरकत नाही. फक्त ते उघडणाऱ्याने त्याच आदेशात दोन गोष्टी लिहाव्यात : येणारा खेळाडू निवृत्तीनंतर किती वर्षं इथल्या मुलांना शिकवणार, आणि तो खेळत असताना १३ वर्षांखालच्या जिल्हा लीगवर दर वर्षी किती पैसा जाणार.